पिवळी झाळ

लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्या घरात वारो नाय गो. सोनार वाऱ्याक भियतत. तू वाऱ्यात वाढलेला चेडू, जीव घुसमटतलो तुझो."

मी हसले. दांडीच्या किनाऱ्यावर आमचं घर. दार लावलं तरी फटींतून वारा आत येऊन भिंतीवरची दिनदर्शिका फडफडवणार. बाबांची होडी, आईची मासळीची टोपली, आणि मी कणकवलीच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. आईला घर, माणसं सगळं वाऱ्यावरूनच कळतं, असं मला तेव्हा वाटायचं. ओमकार माझ्याच कॉलेजचा, त्याच्या घरी बाजारपेठेत सोन्याचं दुकान, पक्कं सिमेंटचं घर. पंखो आसतलो मगे, मी म्हटलं.

"आसतलो," आई म्हणाली. "लावतले काय ता बघ."

दुकान पुढे, राहतं घर मागे, आणि दोन्हींच्या मधे कामाची खोली. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय 'परशुराम शेट आणि सुपुत्र'. परशुराम शेट म्हणजे माझे सासरे, सुपुत्र म्हणजे माझा नवरा. कामाच्या खोलीत मात्र या दोघांपैकी कुणी बसत नव्हतं. तिथे बसायची हिराताई, माझी नणंद, ओमकारहून मोठी, लग्न न झालेली. आमच्या दुकानाची बोरमाळ देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत नावाजलेली, आणि त्या बोरमाळेचा एकेक मणी हिराताईच्या हातचा. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. विचारलं तर सासरे सांगायचे, कोल्हापूरचा कारागीर आहे.

बोरमाळेचा मणी दिसतो बोराएवढा, पण आतून पोकळ असतो. सोन्याचा पातळ पत्रा साच्यात ठोकून दोन वाट्या करायच्या आणि त्या एकमेकींवर अशा जोडायच्या की सांधा दिसता कामा नये. सोन्याला सोनं जोडायचं तर मधे असं काहीतरी लागतं जे सोन्याच्या आधी वितळेल. त्याला झाळ म्हणतात. झाळेचा कीस टाकणखारात कालवून पिसाच्या टोकाने सांध्यावर लावायचा आणि वरून आच द्यायची. गॅसची गन आमच्याकडे आहे, पण तिच्या जोराने मण्याची पातळ वाटी खचते. म्हणून हिराताई जुन्याच पद्धतीने काम करायची. तोंडात पितळेची वाकडी नळी धरायची, तिला बकनळी म्हणतात, आणि समोरच्या दिव्याची ज्योत फुंकून सुईसारखी बारीक करून मण्यावर सोडायची. फुंकर तुटली की झाळ अर्धवट धावते, मणी फुकट जातो. त्यामुळे गाल फुगवून फुंकत राहायचं आणि श्वास नाकाने घ्यायचा. नाक कुठे, तर त्या ज्योतीच्या बरोबर वर.

त्या खोलीची खिडकी खिळे मारून बंद केलेली होती. पंखा नव्हताच. वाऱ्याने ज्योत हलते, आणि सोन्याचा कीस उडतो. उंबऱ्याशी ओलं गोणपाट, बाहेर येणाऱ्याने पाय त्यावर पुसायचे. ते गोणपाटसुद्धा फेकायचं नाही, जाळून राख ठेवायची. झारेकरी येतो, राख आणि केर धुऊन त्यातलं सोनं काढतो. सोन्याचा कणसुद्धा खोलीबाहेर जाऊ नये याची इतकी काळजी मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही.

पहिल्या वर्षी मला हे सगळं आवडायचं, खरं सांगते. हिराताईच्या शेजारी बसून मी बघत राहायचे. झाळ धावते तेव्हा सांध्यावरून एक चमकती रेघ सर्रकन फिरते, आणि मग दोन वाट्या होत्या हे कुणाला सांगूनही पटणार नाही. मी तिला म्हटलं, ओमकारला नाही येत हे? ती म्हणाली, "ओमूक हसाक येता, माका फुकूक येता. दुकान चलता."

मग बाय झाली. माझी मुलगी. नाव ठेवलंय, पण सगळे बायच म्हणतात. तिच्या जन्मापासून मला एक खोड लागली. ती झोपली की तिचा श्वास ऐकत बसायचं. छाती हलते ना, नाक वाजत नाही ना. ओमकार चेष्टा करायचा, की तू आई आहेस की स्टेथोस्कोप. दुपारी घर शांत असताना मी बायशेजारी कान लावून पडलेली असायचे, आणि आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कामाची खोली. बायचा श्वास ऐकता ऐकता मला दुसराच श्वास ऐकू यायला लागला. फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर.

लक्ष ठेवायला लागले. बोरमाळेची ऑर्डर असली की संध्याकाळी हिराताईला हुडहुडी भरायची. ताप, अंग मोडून आल्यासारखं, तोंडाला गोडसर चव, चहाही नको व्हायचा. दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा कामाला. घरात याला नाव होतं, वारो लागलो. मग उपाय काय, तर तिच्या झोपायच्या खोलीच्याही खिडक्या लावून घ्यायच्या, कानाला फडकं बांधायचं, काढा द्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीच्या दाराखाली आणखी एक गोणपाट, फटीतून वारा येऊ नये म्हणून.

सासऱ्यांना मी एकदा जेवताना म्हटलं की ताईंना सारखा ताप येतो, डॉक्टरांना दाखवूया. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "हिच्या आवशीचा पण तसाच. जरा वारो लागलो की अंथरूण धरायची. दमो होतो तिका."

भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहे. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या रात्रीपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं की हिराताईच्या आधी बकनळी त्यांच्या तोंडात असायची. ओमकारने सांगितलं, अगदी सहज, ताटातला काटा बाजूला काढता काढता.

मी झाळेबद्दल विचारायला लागले. आमच्याकडे दोन झाळी होत्या. एक जुनी, चांदी-तांब्याची, घरीच केलेली. ती वितळायला आच जास्त लागते, आणि सोन्याचा कस थोडा उतरतो. दुसरी बाहेरून येणारी, तयार पट्टी. सासरे तिला पिवळी झाळ म्हणायचे. कमी आचेवर पाण्यासारखी धावते, रंग सोन्यात मिळून जातो, कसही टिकतो. मी ओमकारला विचारलं, यात काय असतं? तो म्हणाला, "केडीएम. कॅडमियम." आता बंद आहे ना ते? तो म्हणाला, दागिना हॉलमार्कला जातो तेव्हा सांध्यात कोण बघतं, आणि वितळताना ते सगळं उडूनच जातं.

उडून कुठे जातं, मी विचारलं. त्याने पट्टी परत डबीत ठेवली.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक काचेचं कपाट होतं, वर धूर बाहेर खेचणारा पंखा लावलेलं. धूर होणारं काही करायचं असलं की सर हात आत घालून करायला लावायचे, तोंड बाहेर. ओमकारसुद्धा त्याच लॅबमध्ये शिकला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर. माझा राग तिथून सुरू झाला आणि तो सासऱ्यांवर नव्हता. सासरे साच्यातून बाहेर पडले तसेच आहेत. पण याने ते कपाट पाहिलं होतं.

हिराताईला मी सगळं सांगितलं. तिने मणी चिमट्यात धरून उजेडात फिरवला. म्हणाली, "तुमच्या कॉलेजात धूर कोंडीत आसतले. आमच्यात सोना कोंडतत." जुनी झाळ वापरा म्हटलं तर म्हणाली, त्या आचेवर वाटी खचते, आणि खचली नाही तरी सांध्याची रेघ दिसते. "झाळ दिसली तर ता काम माझा नाय." तोंडावर फडकं बांधून फुंकता येत नाही. खिडकी? ती फक्त हसली, जसं मी आईला हसले होते.

मग ती ऑर्डर आली. मुंबईच्या एका घराची, लग्नाची, मोठी बोरमाळ, मोहनमाळ, सगळं एकदम. बाहेर इतका उकाडा की अंगणातली कुत्री मोरीत येऊन पडायची, आणि आत हिराताई रोज दिव्यासमोर. संध्याकाळचा ताप सकाळीही उतरेना. ती तशीच बसायची. मी ओमकारशी भांडले. तो म्हणाला, हळू बोल, बाबा ऐकतील. मी म्हटलं, ऐकावं म्हणूनच बोलतेय. तो म्हणाला, ही एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघूया.

त्या दुपारी मी मोरीत बायचे कपडे पिळत होते. मागे वळले तर बाय नाही. रांगायला लागली होती नुकती. कामाच्या खोलीचं दार किलकिलं होतं, गोणपाट बाजूला सरकलेलं, आणि बाय उंबऱ्यावर, अर्धी आत. मी धावले. आत भिंतीच्या पांढऱ्या टाइल्सवर दिव्याच्या वर तपकिरी डाग चढलेला, हवा जाड झालेली, जिभेला लगेच गोड चव. हिराताई फुंकत होती. डोळे ज्योतीवर, गाल फुगलेले आणि ओठ निळसर. बाय तिच्याकडे हात करून हसत होती.

मी बायला उचलून बाहेर ठेवलं, पाळण्यात सुद्धा नाही, जमिनीवर. परत आत गेले. ऐरणीवरचा हातोडा घेतला आणि खिडकीची काच फोडली.

वारा आला. इतक्या वर्षांनी त्या खोलीत वारा आला. ज्योत विझली, आणि हिराताईच्या पुढ्यातल्या तबकातला सगळा कीस उठून खोलीभर झाला. उन्हाच्या तिरिपीत तो चमकत होता. हिराताईने नळी तोंडातून काढली आणि तिला जो खोकला लागला तो थांबेना. आवाज ऐकून सासरे आणि ओमकार दुकानातून धावत आले. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग ते गुडघ्यांवर बसले आणि मऊ ब्रशने फरशी झाडायला लागले. त्यांची मुलगी हातभर अंतरावर भिंतीला टेकून श्वास शोधत होती.

"आधी सोना गोळा करा," ते ओमकारला म्हणाले.

आणि ओमकार वाकला. हे मी विसरणार नाही. तो कदाचित दोन क्षणांसाठी वाकला असेल, नंतर त्यानेच गाडी काढली, त्यानेच तिला उचललं. पण आधी वाकला.

कुडाळच्या रस्त्यावर हिराताईची मान माझ्या खांद्यावर होती आणि बाय माझ्या मांडीवर. बायचा श्वास आणि तिचा श्वास मी दोन्ही कानांनी ऐकत होते. पुढच्या सीटवरून सासरे पुटपुटत होते, खिडकी फोडलान, वारो लागलो. घरापासून हॉस्पिटलपर्यंत हेच.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी छातीचा फोटो काढला, ऑक्सिजन लावला आणि विचारलं, या काय काम करतात? सासरे ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, काही नाही, घरीच असते, सुनेने खिडकी फोडली त्यामुळे गार वारा लागला. डॉक्टरांनी हिराताईला विचारलं. तिने मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाली, "घरकाम."

तीसुद्धा. ज्या दुकानाच्या पाटीवर तिचं नाव कधी लागलं नाही, त्याचं नाव सांभाळायला.

मी म्हणाले, "घरकाम नाही, डॉक्टर. या सोनार आहेत. आमच्या दुकानातली प्रत्येक बोरमाळ यांनी झाळलीय. बंद खोलीत, कॅडमियमच्या झाळेने, तोंडाने फुंकून. यांची आई तेच करत होती, आणि ती गेली."

वॉर्डात सगळे वळून बघायला लागले. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीच्या सुनेने गळ्यातली माळ हाताने चाचपली. डॉक्टरांनी पुढचं सगळं मलाच विचारलं. हा ताप नाही, त्या म्हणाल्या, छातीत धूर उतरलाय. लगेच आणलंत म्हणून वाचल्या. पण फुप्फुसं पूर्वीसारखी होतील असं सांगता येणार नाही, आणि पुन्हा त्या धुरात बसल्या तर मी काहीच करू शकणार नाही.

सासरे बाहेर जाऊन बाकावर बसले. ते माझ्यावर का चिडले होते ते नंतर कळलं. धुराबद्दल नाही. कारागीर कोल्हापूरचा नाही आणि झाळ केडीएमची आहे, हे मी चारचौघांत बोलले म्हणून.

हिराताईला बोलता यायला लागलं तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी बरं बोलेल. म्हणाली, "माझा नाव घेतलंस ता बरा केलंस. झाळेचा कित्याक घेतलंस गो?"

मला रडूही आलं आणि तिच्या गालात वाजवावी इतका रागही आला.

घरी परतल्यावर मला वाटलं होतं आता तरी काही बदलेल. खिडकी उघडी ठेवूया, जुनी झाळ वापरूया, भिंतीत धूर खेचणारा पंखा बसवूया. सासरे म्हणाले, पंखा धुराबरोबर सोनं खेचेल. त्यांनी वेगळाच निकाल दिला. हिराताईच्याने आता काम होणार नाही, तिने खोलीत पाऊल टाकायचं नाही, मणी बाहेरून करून आणू. म्हणजे तिच्यापासून धूर काढला नाही, काम काढून घेतलं. त्याच आठवड्यात खिडकीला नवी काच आली. खिळे ओमकारने मारले. मी बायला कडेवर घेऊन दारात उभी राहून बघत होते, आणि त्याला माहीत होतं मी बघतेय. रिकाम्या खोलीला खिळे कशाला, मी विचारलं. बाबा म्हणाले म्हणून, तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

हिराताई दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसायची, हात मांडीवर उपडे ठेवून. आई मासळी विकून परतताना तिच्यापाशी टेकायची. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, हे हात असे रिकामे राहायचे नाहीत, जप. मी या वेळी हसले नाही. पण मला जपताही आलं नाही. एका सकाळी हिराताई बांद्याच्या गाडीत बसून गेली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बकनळी सोबत नेली. बांद्याला तिचा मामा आहे, गुरुदास शेट. त्याचंही दुकान, त्यालाही बोरमाळ करणारा हात हवा होता.

फोन केला की ती एकच म्हणते, "बरी आसय." मी विचारते, खिडकी आसा? झाळ खंयची वापरतास? मग बाजाराचा आवाज येतो आणि फोन बंद होतो.

शेवटी मी बायला घेऊन गेले. गुरुदास मामांनी बसवलं, कोकम सरबत दिलं, बायच्या हातात बिस्किट दिलं. हिरा गोव्याला गेलीय, म्हणाले, कुठल्याशा देवळात जत्रा आहे. मी मान हलवली. काउंटरच्या मागे जाड निळा पडदा होता, खाली दाबून ठेवलेला. जिभेवर ती गोड चव आली. सरबताची नव्हे, मी अजून पेला उचललाही नव्हता. मग पडद्यामागे खोकल्याची एक उबळ आली आणि मधेच तुटली, जशी तोंडावर हात दाबल्यावर तुटते.

बायने बिस्किट टाकलं आणि पडद्याकडे दोन्ही हात केले.

मी उठून पडद्याला हात घातला. मामा आडवे आले, अगदी शांतपणे, हात जोडून. आमच्या घरची लाज तुम्ही कुडाळच्या हॉस्पिटलात मांडलीत, म्हणाले, इथे नको. मी ताईंना हाक मारली, मोठ्याने. पडद्यामागून फुंकर आली. ती काम करत होती.

आता मी गेले तर मला दुकानाची पायरीही चढू देणार नाहीत. ओमकार जाणार नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतेय.

तुमच्यापैकी कुणी हायवेने गोव्याला जात असेल, तर बांद्याला थांबा. बाजारात गुरुदास शेटचं दुकान कुणीही दाखवेल. गिऱ्हाईक म्हणून जा. बोरमाळ बघायचीय म्हणा, आणि घडवताना बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणून हटून बसा. गिऱ्हाइकाला ते नाही म्हणत नाहीत. पडद्याआड जाल तेव्हा भिंतीवर दिव्याच्या वर तपकिरी डाग आहे का बघा. खिडकी उघडी आहे का, तिला खिळे आहेत का, हाताने हलवून बघा. हिराताई म्हणेल, बरी आसय. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला सांध्याबद्दल काहीतरी विचारा, त्यावर ती बोलते, भरपूर बोलते. आणि ती बोलत असताना नीट ऐका, एक वाक्य एका श्वासात पुरं होतंय का.